थ्रॉल्डम : एका अर्पणपत्रिकेतला शब्द

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. पुस्तक मराठी असले तरी त्याला इंग्रजी प्रस्तावना जोडलेली आहे आणि अर्पणपत्रिका तर दोन्ही भाषांत आहे. अमेरिकेतल्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांनी निग्रो गुलामांना मुक्त करताना जी निःस्वार्थ बुद्धी दाखवली, तिच्या सन्मानार्थ हे पुस्तक त्यांना अर्पण केले आहे. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या बंधनातून सोडवावे, अशी इच्छाही तेथे व्यक्त केली आहे. अभ्यासकांनी या अर्पणपत्रिकेचा उल्लेख असंख्य वेळा केला आहे. पण दोन्ही भाषांतला मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला की एक गोष्ट नजरेत भरते. मराठीत अमेरिकेतल्या गुलामांसाठी जो शब्द आहे, तोच इथल्या शूद्रांसाठी आहे : ‘दास्यत्व’. इंग्रजीत मात्र जोतीरावांनी दोन वेगळे शब्द वापरले आहेत. अमेरिकेतल्या निग्रोंची ती ‘स्लेव्हरी’ आणि शूद्रांवरचे ते ‘थ्रॉल्डम’.

हा दुसरा शब्द आजच्या इंग्रजीत फारसा ऐकू येत नाही. १८७३ मध्येही तो बाजारात किंवा कचेरीत बोलण्याचा शब्द नव्हता. व्यासपीठावरचा, धर्मोपदेशातला आणि कवितेतला होता. शब्दकोश त्याचा अर्थ ‘दास्य, गुलामी, बंधन’ असा देऊन मोकळे होतात आणि मराठी भाषांतरकारही तेवढ्यावर भागवतात. एका वाक्यात जवळजवळ समानार्थी दोन शब्द आले, तर पुनरुक्ती टाळण्यासाठी आले असे म्हणता येईल. पण या शब्दाच्या मागे हजार वर्षांचा प्रवास आहे. तो पाहिल्यावर, निदान मला तरी, तो केवळ पुनरुक्ती टाळण्यापुरता आलेला वाटत नाही.

‘थ्रॉल्डम’चे दोन भाग आहेत. शेवटचा ‘डम’ हा ‘फ्रीडम’, ‘किंगडम’, ‘विज्डम’ यांतलाच. स्थिती, अधिकारक्षेत्र, अंमल असा त्याचा अर्थ. म्हणजे इंग्रजीत स्वातंत्र्य आणि दास्य या दोन्ही शब्दांना शेपटी एकच आहे. उरला ‘थ्रॉल’, आणि तो मुळात इंग्रजी नाही. तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, म्हणजे ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो त्यांच्या भाषेतला. त्यांच्याकडे ‘थ्रेल’ म्हणजे विकत घेतलेला, लढाईत पकडलेला किंवा दासीच्या पोटी जन्मलेला गुलाम. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत हा शब्द आजही थोड्या वेगळ्या रूपांत आहे. स्वीडनमध्ये ही प्रथा १३३५ साली राजाज्ञेने मोडली गेली.

नॉर्स समाजाने आपल्या उतरंडीची उपपत्ती सांगणारे एक काव्य रचले आहे. त्याचे नाव ‘रीगस्थुला’. रीग नावाचा देव प्रवासाला निघतो, तीन घरी मुक्काम करतो आणि त्या तीन घरांत तीन मुलगे जन्मतात. पहिला थ्रेल, दुसरा कार्ल म्हणजे स्वतंत्र शेतकरी, तिसरा यार्ल म्हणजे सरदार. थ्रेलचे वर्णन कवीने निर्दयपणे केले आहे : रापलेली, सुरकुतलेली कातडी, गाठाळ सांधे, जाड बोटे, वाकलेली पाठ. त्याचे काम शेतात शेण टाकायचे, डुकरे राखायची, कुंपणे घालायची. त्याच्या मुलामुलींच्या नावांची यादीही दिली आहे. ओंडका, वाकड्या, घाणेरडा, फाटक्या कपड्यांची अशा अर्थाची ती नावे आहेत.

मराठी वाचकाला इथे पुरुषसूक्त आठवणे साहजिक आहे. मुखातून एक, बाहूंतून दुसरा, पायांतून चौथा. समाजातली उतरंड माणसांनी रचली नसून दैवी घटनेतून ती उपजली, हे सांगण्याची रीत दोन्हीकडे सारखीच. फरक इतकाच, की रीगच्या तिन्ही मुलांचा बाप एकच देव आहे आणि ती तिन्ही जन्मतात मात्र माणसांसारखीच. नावांचेही तसेच. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. (दगडू, धोंडू ही आपल्याकडची नावे या नियमातून आलेली नव्हेत, पोराला दृष्ट लागू नये म्हणून आईबापच ती ठेवत.) ‘गुलामगिरी’त जोतीराव ज्या धोंडिबाशी संवाद करतात, त्या संवादाचा आरंभ ब्रह्मदेवाच्या अवयवांतून झालेल्या या जन्मकथेची खिल्ली उडवण्यानेच होतो, हे येथे लक्षात ठेवावे.

‘थ्रेल’ या शब्दाचे मूळ कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात एक कथा बरीच लोकप्रिय होती. गुलामाचा कान दाराशी नेऊन टोचायचे, म्हणून ‘भोक पाडणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘थ्रॉल’ झाला, अशी ती कथा. बायबलच्या जुन्या करारात कान टोचण्याचा विधी खरोखरच आहे. जो दास मुदत संपल्यावरही मुक्ती नाकारून मालकाकडेच राहू इच्छितो, त्याचा कान दारावर ठेवून आरीने टोचावा असे तेथे सांगितले आहे. पण शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. भाषाशास्त्रज्ञ साधारणपणे हा शब्द ‘धावणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूकडे नेतात. थ्रेल म्हणजे धावणारा, हाक मारली की पळत येणारा, निरोप्या.

हे मूळ पटण्याजोगे आहे, कारण जगात बहुतेक ठिकाणी गुलामाचा शब्द असाच एखाद्या साध्या शब्दातून आलेला दिसतो. ‘गुलाम’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. अमेरिकेच्या दक्षिणेत पन्नाशीच्या काळ्या माणसालाही ‘बॉय’ म्हणत. आपल्या हॉटेलांतून पिकल्या केसांच्या माणसालाही ‘ए पोऱ्या’ अशी हाक पडत असे. दुसरी रीत परक्या जमातीचे नाव घेण्याची. ‘स्लेव्ह’ हा ‘स्लाव’ या लोकांच्या नावावरून आला, कारण मध्ययुगात पूर्व युरोपातून पकडून आणलेले स्लाव युरोपभर विकले जात. जुन्या इंग्रजीत ‘वेअल्ह’ म्हणजे परका, वेल्श माणूस, आणि गुलामही. वेदांतले ‘दास’ हे आधी शत्रूंचे नाव होते, नंतर ते चाकराचे झाले. ज्याला जिंकले त्याचे नाव हीच त्याची जात, आणि तीच त्याची नोकरी.

थ्रेल मंडळी नेहमीच मान खाली घालून राहिली असे मात्र नाही. आइसलंडच्या वसाहतीच्या जुन्या वृत्तांतात ह्योर्लेइफ नावाच्या आद्य वसाहतकऱ्याची गोष्ट आहे. त्याने आयर्लंडमधून पकडून आणलेल्या थ्रेलांना बैलाऐवजी नांगराला जुंपले. त्यांनी त्याला ठार मारले आणि ते जवळच्या बेटांवर पळाले. तिथे त्यांना शोधून मारण्यात आले. आयरिश लोकांना नॉर्स मंडळी ‘पश्चिमेचे लोक’ म्हणत. त्यावरून त्या बेटांना ‘वेस्टमनांची बेटे’ हे नाव पडले आणि आजही ते नकाशावर आहे. मालकांच्या सागा-वाङ्मयात गुलामांची आठवण अशी एखाद्या ठिकाणाच्या नावापुरती राहते.

इंग्लंडमध्ये हा शब्द कसा शिरला, याची पहिली खूण मोठी विलक्षण आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. तिथल्या मठावर ७९३ साली व्हायकिंगांनी धाड घातली; पश्चिम युरोपातल्या त्यांच्या उपद्रवाची सुरुवात त्या धाडीपासून मानण्याची प्रथा आहे. याच मठाची म्हणून प्रसिद्ध असलेली शुभवर्तमानांची सुंदर लॅटिन पोथी पुढे त्या साधूंनी जिवापाड जपली. दहाव्या शतकात एका धर्मगुरूने तिच्या लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत जुन्या इंग्रजीत शब्दशः अर्थ लिहून ठेवला. त्या अर्थांत ‘दास’ या ठिकाणी हा नॉर्स शब्द आढळतो. ज्या लोकांनी मठ लुटला, त्यांचाच गुलामासाठीचा शब्द दीडेकशे वर्षांत त्याच मठाच्या पोथीत जाऊन बसला.

इंग्रजी गद्यात या शब्दाचा सर्वांत धारदार वापर १०१४ च्या सुमाराचा आहे. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने डॅनिश आक्रमणाने हैराण झालेल्या इंग्रजांपुढे प्रवचन केले. त्यात तो काळ किती उलटा झाला आहे हे सांगतो. एखादा थ्रॉल आपल्या धन्याकडून पळून व्हायकिंगांना मिळतो. पुढे लढाईत धन्याने त्याला मारले, तर त्याच्या जिवाची पूर्ण भरपाई त्याच्या नव्या सोबत्यांना द्यावी लागते. पण त्या थ्रॉलने जुन्या धन्याला मारले, तर धन्याच्या जिवाची किंमत शून्य. वुल्फस्टनला हे जगबुडीचे लक्षण वाटते. आपण तेच वाक्य थ्रॉलच्या बाजूने वाचले, तर ते सुटकेच्या वाटेचे वर्णन ठरते. मात्र याच प्रवचनात गरिबांना आणि अगदी पोटच्या मुलांनाही परदेशी विकणाऱ्या इंग्रजांना तो तितक्याच कडक शब्दांत झोडतो, हेही सांगितले पाहिजे.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. वीस वर्षांनी राजाने सगळ्या देशाची जी मोजदाद करवली, तीत नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे दहा टक्के गुलाम आहेत. पुढच्या शतकात ते जवळजवळ नाहीसे होतात. वेस्टमिन्स्टरच्या धर्मपरिषदेने ११०२ साली माणसांना जनावरांसारखे विकण्याला मनाई केली. पण त्याहून मोठे कारण साधे होते. गुलामाला वर्षभर खायला घालण्यापेक्षा त्याला जमिनीचा तुकडा देऊन तिथे बांधून ठेवणे जमीनदाराला परवडत होते. विकता येणारा थ्रॉल संपला आणि जमिनीला जखडलेले कूळ आले.

या नव्या कुळाच्या स्थितीला जो शब्द मिळाला, तो आपल्या दृष्टीने फार रंजक आहे. ‘बाँडेज’ हा शब्द ऐकला की वाटते, तो ‘बाइंड’ म्हणजे बांधणे यापासून आला असणार. तसे नाही. नॉर्स भाषेतला ‘बोंदी’ म्हणजे घरदार, शेतीवाडी असलेला स्वतंत्र गृहस्थ. इंग्रजी ‘हजबंड’मध्ये तोच आहे : घराचा बोंदी. आणि ‘हजबंडरी’ म्हणजे शेती. नॉर्मन अंमलात या स्वतंत्र गृहस्थाची पत घसरत गेली आणि तो सरदाराचा कूळ झाला. मग त्याच्या नावाचाच अर्थ बांधील माणूस असा झाला आणि त्याच्या स्थितीला ‘बाँडेज’ म्हणू लागले. ‘बांधणे’शी त्याचे नाते लोकांनी मागाहून जोडले.

मराठीत याची हुबेहूब जोड आहे. ‘कुणबी’ हा शब्द ‘कुटुंबी’वरून, म्हणजे घरदार असलेला गृहस्थ, शेतकरी. पण ‘कुणबीण’ या शब्दाला मोल्सवर्थच्या कोशात दोन अर्थ दिलेले सापडतात : कुणब्याची बायको, आणि गुलाम स्त्री. पेशवाईच्या कागदांत ‘कुणबिणी’ येतात त्या या दुसऱ्या अर्थाने. विकत घेतलेल्या, दंड म्हणून सरकारजमा केलेल्या, किल्ल्यांवर, कोठ्यांत, वाड्यांत राबणाऱ्या बायका. त्यांची जात कुणबी असलीच पाहिजे असे नव्हे. घरधनिणीचा शब्द घरातल्या दासीचा कधी झाला हे कुणालाही नेमके कळले नाही. पण ‘बोंदी’चे ‘बाँडेज’ होण्यासारखेच ते झाले. दोन्हीकडे शेती करणाऱ्याचे नावच खाली ओढले गेले. इंग्रजांनी यार्लाच्या नावाला असे कधी केले नाही, आणि आपणही ‘सरदार’ शब्दाला केले नाही.

तिसरा शब्द ‘स्लेव्ह’ फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. पुढे आफ्रिकेतून माणसे पकडून अटलांटिकपार नेण्याचा व्यापार सुरू झाला, तेव्हा खरेदीखताला, विमापत्राला, कायद्याला हाच शब्द लागला. ‘थ्रॉल’ला त्या व्यापारात जागा मिळाली नाही. त्याचा धारक माणूस तर शतकांपूर्वीच संपला होता. म्हणजे शब्द शिल्लक राहिला होता, पण त्याच्या मागे आता ना शरीर, ना किंमत, ना मालकीचा कागद. असा मोकळा झालेला शब्द कवी आणि धर्मोपदेशक लगेच उचलतात. ‘थ्रॉल’ मनाच्या, पापाच्या, प्रेमाच्या गुलामाला लागू झाला.

चौदाव्या शतकात चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये दोन्ही अर्थ सरमिसळ दिसतात. त्यातला धर्मगुरू आपल्या प्रवचनात थ्रॉल्डमची उपपत्ती सांगतो. नोहाने आपल्या एका नातवंशाला भावांचा दास होण्याचा शाप दिला, तोवर हा शब्दच जगात नव्हता. तेव्हा दास्याचे पहिले कारण पाप. याच शापाचा आधार पुढे अमेरिकेतल्या गुलामधारकांनी घेतला. आपल्याकडच्या पूर्वजन्मीच्या पापाची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. पण चॉसरचा हा धर्मगुरू तिथे थांबत नाही. ज्यांना तुम्ही आपले थ्रॉल म्हणता ते देवाचे लोक आहेत, आणि ज्या बीजातून हलका माणूस उगवतो त्याच बीजातून सरदारही उगवतो, असेही तो धन्यांना बजावतो. त्याच ग्रंथातल्या एका कथेत निवेदक म्हणतो, की बायकांना स्वातंत्र्य हवे असते, थ्रॉलसारखे दाबून ठेवलेले त्यांना नको असते. आणि खरे सांगायचे तर पुरुषांनाही नको असते.

शेक्सपिअरकडे येईपर्यंत शब्द प्रेमाच्या दरबारात रुळला होता. त्याच्या शेवटच्या सुनीतात बोलणारा स्वतःला प्रेयसीचा थ्रॉल म्हणवतो. ‘मॅकबेथ’मध्ये दारू पिऊन झोपलेले पहारेकरी झोपेचे थ्रॉल आहेत. ‘मिडसमर नाईट्स ड्रीम’मध्ये पऱ्यांची राणी टिटानिया जादूच्या रसाने भुलून गाढवाचे डोके लावलेल्या विणकराच्या प्रेमात पडते आणि त्याच्या रूपाने आपले डोळे थ्रॉल केले, म्हणजे ‘एन्थ्रॉल’ केले, असे सांगते. आज सिनेमाच्या जाहिरातीत ‘एन्थ्रॉलिंग’ म्हणजे ‘मंत्रमुग्ध करणारा’ असे वाचताना ही गाढवाची गोष्ट आठवावी. बांधलेल्याला बांधल्याचे कळत नाही, उलट सुख वाटते, हा अर्थ तेव्हापासून या शब्दात आहे. कीट्सने १८१९ साली लिहिलेल्या ‘ला बेल दाम सां मेर्सी’ या कवितेतल्या शिलेदाराला स्वप्नात फिकुटलेले राजे, राजपुत्र आणि योद्धे दिसतात. त्या निर्दय सुंदरीने तुला थ्रॉल केले आहे, असा इशारा ते त्याला देतात. इशारा देणारे स्वतः तिचे आधीचे बळी आहेत.

मराठीला ही वाट अनोळखी नाही. आपल्याकडे ‘दास’ शब्द भक्तीत शिरून इतका मानाचा झाला, की समर्थांनी तो नावातच घेतला आणि घरोघर मुलांची नावे त्यावरून ठेवली गेली. फारसीतला ‘बंदा’ म्हणजे गुलाम. पण ‘हा बंदा तयार आहे’ म्हणणाऱ्याच्या आवाजात गुलामी नसते, थोडी ऐट असते. भक्ताचे दास्य आणि प्रियकराचे दास्य स्वेच्छेचे असते. अडचण तेव्हा येते, जेव्हा हीच स्वेच्छेची भाषा ज्याने काहीच निवडलेले नाही त्याच्या तोंडी घातली जाते.

ही अडचण इंग्रजीत सर्वांत नीट ओळखली ती मिल्टनने. ‘पॅराडाइज लॉस्ट’ (१६६७) मध्ये बंडखोर सैतान स्वातंत्र्याच्या गोष्टी करतो, तेव्हा अब्दिएल हा देवदूत त्याला उत्तर देतो, की तू स्वतःच मुक्त नाहीस, स्वतःचाच थ्रॉल आहेस. त्याच काव्यात देव म्हणतो, की मी माणसांना मुक्त घडवले आणि ती स्वतःला स्वतःच दास करत नाहीत तोवर मुक्तच राहतील. पुढे ‘सॅमसन अ‍ॅगोनिस्टीज’ (१६७१) मध्ये आंधळा कैदी सॅमसन आपल्या लोकांविषयी म्हणतो, की बिघडलेली राष्ट्रे कष्टाच्या स्वातंत्र्यापेक्षा आरामाचे बंधन पसंत करतात. राजेशाही परत आल्यावर हरलेल्या प्रजासत्ताकवाद्याचे हे कडू बोल आहेत. त्यात लोकांवर थोडा अन्यायही आहे. पण दास्य बाहेरून लादले तरी आतून टिकवले जाते, ही गोष्ट ‘थ्रॉल्डम’च्या अर्थात मिल्टनने कायमची बसवली.

प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये या शब्दाला आणखी एक ठराविक सोबत मिळाली : पोप आणि पुरोहित. देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहून धर्मग्रंथ स्वतःच्या भाषेत कोंडणारा, दक्षिणा घेणारा, भीती घालणारा पुरोहितवर्ग माणसावर जो अंमल चालवतो, त्याला प्रोटेस्टंट प्रवचनकार ‘थ्रॉल्डम’ म्हणत. शब्द असा मिशनऱ्यांच्या भाषेत हिंदुस्थानात आला. जोतीराव १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि थॉमस पेन वाचून तयार झाले. पुरोहिताच्या अंमलासाठी कोणता इंग्रजी शब्द चालतो, हे त्यांना शिकवायला नको होते.

आणखी एक रूप राहिले : ‘डिसएन्थ्रॉल’, म्हणजे थ्रॉल्डममधून सोडवणे. आयरिश वकील जॉन फिल्पॉट करन याने १७९४ मध्ये एका राजद्रोहाच्या खटल्यात भाषण करताना ब्रिटिश भूमीला पाय लागताच गुलाम कसा मुक्त होतो, याचे जे वर्णन केले त्यात हा शब्द कळसाला आहे. ते भाषण पुढे गुलामगिरीविरोधकांच्या तोंडी झाले. १ डिसेंबर १८६२ रोजी, मुक्तीचा जाहीरनामा अमलात येण्याच्या बरोबर एक महिना आधी, अब्राहम लिंकनने काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात तोच शब्द वापरला. पण त्याचे कर्म बदलले. लिंकन गुलामांना नव्हे, ‘आपल्याला स्वतःला’ डिसएन्थ्रॉल केले पाहिजे असे म्हणाला. शांत काळातल्या जुन्या मतांनी आपल्याला बांधले आहे, ती आधी सोडली पाहिजेत, मग देश वाचेल. म्हणजे मालकही थ्रॉल असतो, आणि त्याची सुटका कायद्याने होत नाही.

आता पुन्हा अर्पणपत्रिकेकडे. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ‘स्लेव्हरी’ संपली, म्हणजे माणूस माणसाची मालमत्ता असणे संपले. हिंदुस्थानातही १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामाच्या मालकीला कोर्टाचा आधार उरला नव्हता. त्यामुळे १८७३ मध्ये पुण्यातला कुणीही पेन्शनर जोतीरावांना विचारू शकला असता, की शूद्र गुलाम कसला? त्याच्या विक्रीचा कागद दाखवा. जोतीराव इंग्रजी प्रस्तावनेत ठामपणे सांगतात, की इथली गुलामगिरी अमेरिकेतल्यापेक्षा कोणत्याही बाबतीत कमी नव्हती, आणि पुस्तकाचे नावही ‘गुलामगिरी’च ठेवतात. शब्द टाळण्याचा प्रश्न नव्हता. पण अर्पणपत्रिकेत, जिथे दोन देशांतली दोन बंधने एका वाक्यात तोलायची होती, तिथे कागद नसलेल्या बंधनाला त्यांनी कागद नसलेल्या बंधनाचा शब्द दिला.

तो शब्दही एकटा नाही. शूद्रांना ज्यातून सोडवायचे ते म्हणजे त्या थ्रॉल्डमचे ‘ट्रॅमल्स’. ‘ट्रॅमल’ म्हणजे मुळात तीन पदरी मासे धरण्याचे जाळे, आणि घोड्याला घालायचा पायबंदही. बेडी लोखंडाची असते, दिसते, तोडता येते. जाळे पाण्यात दिसत नाही, आणि मासा जितका धडपडतो तितका त्यात गुरफटतो. प्रस्तावनेच्या माथ्यावर होमरचे जे वचन घेतले आहे, त्याचा आशयही हाच : माणूस गुलाम होतो त्या दिवशी त्याचे अर्धे गुण निघून जातात. मिल्टन अशा माणसाला दोष देईल. जोतीराव त्याच्याऐवजी जाळे विणणाऱ्याकडे बोट दाखवतात. दास्य आतून टिकते हे दोघांनाही मान्य आहे. जबाबदार कोण, इथे त्यांचे रस्ते फुटतात.

मग मराठीत एकच शब्द का पुरला? कारण ‘दास्य’ या शब्दात हा सगळा अर्थ आधीच होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे, की धन्याने सोडून दिले तरी शूद्र दास्यातून मुक्त होत नाही. कारण दास्य त्याला निसर्गतःच लाभलेले आहे, ते त्याच्यापासून कोण काढून घेणार? हे वाक्य अमेरिकेतल्या गुलामांच्या कायद्यापुढे ठेवून पाहावे. तिथे मालक लेखी कागद करून आपल्या गुलामाला मुक्त करू शके, निदान काही काळ आणि काही राज्यांत. इथे मालकाच्याही हातात ते ठेवलेले नाही. जो मालक सोडू शकत नाही, त्याला विकत घेऊन सोडवताही येत नाही आणि कायद्याने रद्दही करता येत नाही. व्याकरणाच्या काटेकोर नियमाने ‘दास्यत्व’ हे दुहेरी भाववाचक रूप आहे. ‘दास्य’ म्हणजेच दासपणा, त्याला पुन्हा ‘त्व’ कशाला, असे एखादा शास्त्री विचारेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या भाषेची अशीच टर उडवली होती. पण दासपणाचाही दासपणा, म्हणजे धन्याने सोडल्यावरही उरणारा, अशा अर्थी मला ते रूप चुकीचे वाटत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना हाच धागा पकडला. त्यांचे म्हणणे असे, की गुलामगिरी उघड असते, स्वातंत्र्य हिरावले जात असल्याचे गुलामाला कळते. अस्पृश्यता अप्रत्यक्ष असते. ती माणसाला दास करते आणि तो दास झाल्याची जाणीवही त्याला होऊ देत नाही, म्हणून ती अधिक वाईट. तिथे त्यांनी ‘थ्रॉल्डम’ शब्द वापरण्याची गरज नव्हती. त्याची व्याख्याच त्यांनी करून ठेवली. १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीला अर्पण केला.

आजच्या मुलांना ‘थ्रॉल’ माहीत आहे तो ‘वॉरक्राफ्ट’ या संगणक खेळातला हिरव्या कातडीचा योद्धा म्हणून. गुलाम म्हणून वाढवला गेला म्हणून ते नाव त्याला मालकाने दिले, आणि पळून जाऊन आपल्या लोकांचा पुढारी झाल्यावरही त्याने ते बदलले नाही. ‘गुलामगिरी’ची नवी इंग्रजी किंवा हिंदी आवृत्ती काढताना मात्र अर्पणपत्रिकेतल्या दोन्ही ठिकाणी सरसकट ‘गुलामी’ किंवा ‘स्लेव्हरी’ घालून भाषांतरकाराने मोकळे होऊ नये. मराठीतून इंग्रजीत जाताना जोतीरावांनी स्वतः केलेला तो फरक आहे. मराठी मजकुरावरून नवे भाषांतर करणाऱ्याला तो दिसणार नाही, म्हणून १८७३ चा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा शेजारी छापलेला बरा.